जीप चार बोटं वर

...न्हाई, तुम्हीच सांगा, माप घ्यायचं तर गाडी रिकामी पाह्यजे का न्हाई? पाह्यजे. एवढी साधी गोष्ट. बैलाची उंची मोजायची तर बैलावर बसलेलं माणूस आधी उतरवावं लागतं, हे कुणी बी सांगंल. पण आमच्या जालना जिल्ह्यात, तुम्हाला सांगतो, रिकामी जीप ही चीज कुणी पाह्यलेलीच न्हाई. रिकामी विहीर पाह्यली, रिकामं धरण पाह्यलं, निवडणूक झाल्यावर रिकामा मंडप पाह्यला... पण जीप? ती उभी राह्यली की भरती. कुठं चालली हे बी कुणाला कळायची गरज न्हाई. माणूस आधी बसतो, मांडी घालतो, पिशवी मांडीवर घेतो आन् मंग इचारतो, "घनसावंगीला जाती का?" न्हाई जात म्हणलं तर म्हणतो, "मंग कुठं जाती?" परतूरला म्हणलं तर म्हणतो, "चालंल, तिथं बी एक काम व्हतंच."

आन् माझी जीप तर घरची. खाजगी. एक्क्याण्णव साली सरकारी लिलावात घेतलेली, फोर व्हील. म्हणजे गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक बुटकी दांडी असती, ती वढली की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकं बी जोर लावायला लागत्यात. ती दांडी मी पहिल्यांदा वढली ना, तवा असं वाटलं की आपण गाडीत बसलेलोच न्हाई, आपण एखाद्या मोठ्या, शहाण्या जनावराच्या पाठीवर आहोत आन् ते जनावर आता कुठं बी जाईल, आपण फक्त मनात आणायचं. मी मनात आणलं आन् जीप सरळ मोसंबीच्या बागेतून काढली. झाडं बाजूला सरली. हसू नका. दोन झाडं अजून तिरकी आहेत, कधी बी येऊन बघा.

तर एवढी जीप. आन् अडली कुठं? सासरवाडीला.

माझी सासरवाडी गोदाकाठची. घनसावंगी सोडली, डांबरी संपली की पांदण लागती, दोन्हीकडं कापूस, वर आभाळ, आन् गाव हाकेवर आलं की पांदणीवर आडवा एक बांध. मातीचा, पोटात दगड. हा बांध दोन भावांच्या वाटणीतला. थोरला म्हणतो माझा, धाकटा म्हणतो माझा, आन् कोर्ट म्हणतं पुढची तारीख. म्हणून त्या बांधाचं एक ढेकूळ हलवायची कुणाची टाप न्हाई. बैलगाडीला काय, तिची चाकं ह्या उंचीची, ती डुलत डुलत जाती. पण माझी जीप गेली ती पुढची चाकं बांधाच्या पल्याड, मागची चाकं अल्याड, आन् मधी पोट बांधावर टेकलेलं. मी बुटकी दांडी वढली. काय झालं? आधी दोन चाकं हवेत फिरत व्हती, आता चारी फिरायला लागली.

बरं, मी एकटा असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. शेजारी आमची पुष्पाबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मोटारीतून माहेरी जायची ही पहिली खेप, म्हणून ठेवणीतलं इरकल नेसलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं हलू नये म्हणून एका हातानं धरलेला. तिचा भाऊ तातेराव शेतातून पाहून राह्यला व्हता. आला बैल घेऊन. जीपच्या नाकाला दोर बांधला, बैल जुंपले, आन् वढत वढत जीप गावात नेली. पाणवठ्यावरच्या बाया हंडे खाली ठिवून बघायला लागल्या. आन् तातेराव पुढं चालता चालता मला म्हणतो कसा, "दाजी, गाडी लय भारी हाये. फकस्त येतानी बैल जोडून घेत जा."

पुष्पाबाई दारापुढं उतरली, पदर सोडला आन् इतक्या शांत आवाजात बोलली की मला वाटलं जेवायला काय करू इचारून राह्यली. म्हणली, "अहो, ज्या दिवशी ही गाडी बैलाशिवाय माझ्या बापाच्या दारापुढं उभी राह्यल, त्या दिवशी मी तिच्यात बसंन. तवर मी इकडं, तुम्ही तिकडं. मोसंबीला पाणी देत जा."

परतीला बी बैलांनीच जीप बांधापल्याड काढून दिली. मला वाटलं चार दिवसांचा राग. पोळा गेला तरी आली न्हाई. आता महालक्ष्म्या तोंडावर आल्या. आमच्या घरच्या महालक्ष्म्या उभ्या असत्यात, त्यांना साडी नेसवावी लागती, निऱ्या काढाव्या लागत्यात, सोळा भाज्या कराव्या लागत्यात. कोण करणार? मी? मला माझं धोतर नीट नेसता येत न्हाई म्हणून मी पँट घालतो. मी सायकलीवर सासरवाडीला गेलो, हात जोडले, पण ती जात्यावरून उठली न्हाई. तातेरावच मला बांधापर्यंत सोडायला आला, बांधावर उकिडवा बसला, जीपचं पोट कुठवर येतं ते मनात आणलं, बांधाला हात लावून पाह्यला आन् म्हणला, "दाजी, चार बोटं. गाडी चार बोटं वर घ्या आन् ताईला घेऊन जा. जास्ती न्हाई मागत."

चार बोटं! तुम्हाला सांगतो, माणसाचा संसार चार बोटांवर येऊन अडला. ती चार बोटं मी रात्रंदिवस हवेत धरून फिरत व्हतो. जेवताना ताटावर धरायचो, भाकरीच्या वर, आन् बघत राह्यचो, एवढंच, एवढंच तर पाह्यजे...

मंग गेलो जालन्याला. अंबड चौफुलीजवळ कडूबा मिस्तरी आहे, पाट्यांचं काम करणारा. पाटे म्हणजे काय, चाकाच्या वर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या असत्यात, एकावर एक, भाकरीच्या चवडीसारख्या, त्यांच्यावर सगळी गाडी तोललेली. चवडीत एक पाटा वाढवला की गाडी वर उचलती. कडूबा म्हणला, "चार बोटं काय मोठी गोष्ट हाये? पण आधी माप घ्यावं लागंल, न्हाईतर उचलली किती हे कळणार कसं?" त्यानं सुतळी काढली. चाकाच्या मधल्या टोपीवर एक टोक धरायचं, तिथून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत ताणायची, गाठ मारायची. पाटा घातला की पुन्हा तसंच करायचं, दुसरी गाठ मारायची. दोन गाठींत जेवढं अंतर पडलं तेवढी गाडी वर आली. मी म्हणलं, जमिनीपासूनच मापू की. तर म्हणला, "जमिनीचा भरवसा न्हाई भाऊ. जालन्यात ती रोज खणत्यात."

मंग म्हणला, "गाडी रिकामी करा."

आन् मी मागं वळून पाह्यलं तर गाडीत डझनभर माणसं.

कवा बसली? कुठं बसली? मला काय ठाऊक! घनसावंगीला पंक्चर काढायला थांबलो तवा काही बसली असतील, अंबडला चहाला थांबलो तवा बाकीची. मी आपला चार बोटांच्या विचारात. बाकीच्यांचं ठीक, पण मागच्या बाकावर दाराजवळ सगुणाबाई, माझ्या सासरवाडीचीच म्हातारी, मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी. मी गेलो, नरमाईनं म्हणलं, "मावशी, जरा उतरा. माप घ्यायचंय."

"माझं कशाला माप?"

"तुमचं न्हाई, गाडीचं."

"मंग घे की. मी काय गाडीला धरून बसले का?"

"मावशी, माप घ्यायचं तर गाडी रिकामी पाह्यजे."

"आरं भुजंगा, उतरले की जागा जाती. मागल्या खेपेला पाणी प्यायला उतरले, तर माझ्या जागेवर एक मास्तर. पार परतूरपर्यंत उभी गेले, आन् मास्तरानं वरून माझीच कोंबडी मांडीवर घेतली, म्हणला, तुम्हाला त्रास नको."

तिनं न्हाई म्हणलं की बाकीचे बी हालंनात. एक जण म्हणला, आम्ही श्वास धरून बसतो, तवर मापून घ्या. दुसरा म्हणला, मी तर काठावर बसलोय, माझं वजन येतच न्हाई. कडूबानं त्यांच्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, आभाळाकडं पाह्यलं आन् म्हणला, "जाऊ द्या. माणसाचं काय घेऊन बसलात, आज हाये, उद्या न्हाई." आन् भरल्या गाडीवर सुतळी ताणून पहिली गाठ मारली.

तुमच्या ध्यानात आलं? आमच्या न्हाई आलं.

मंग जॅक लावला. आता तरी उतरतील? जीप वर गेली, चाकं निघाली, पाटे खाली आले, आन् ही माणसं वर. शिदोऱ्या सुटल्या. चाक नसलेल्या जीपमधून सगुणाबाईनं मला ठेचा दिला, भाकरी दिली. म्हणली, "खा. गाडी आज बिलकुल हालून न्हाई राह्यली, रस्ता चांगला झालाय वाटतं."

मी लिंबाखाली बाजेवर आडवा झालो. कडूबाचा घण वाजत व्हता, ठण्... ठण्... आन् त्या तालावर डोळा लागला. अन् पाहतो तर काय, जीप वर चालली. आधी चार बोटं. मंग वीत. मंग हातभर. हळूहळू, पतंगाला ढील द्यावी तशी. खालून पुष्पाबाई पाहून राह्यली, पदर धरून, आन् मी वरून इचारतोय, "एवढी बास का?" ती म्हणती, "आणखी थोडी." मी आणखी थोडी वर. "आता?" "आणखी थोडी..." मोसंबीची बाग खाली हिरव्या रुमालाएवढी झाली, गोदावरी सुतळीएवढी झाली, आन् तिला एक गाठ बी व्हती, बरं का. मी वाकून बघतोय ही गाठ पहिली का दुसरी, तेवढ्यात कडूबानं हलवलं.

"उठा. झाली."

उठलो आन् पाह्यलं. तुम्हाला सांगतो, असं दृश्य मी जन्मात पाह्यलं न्हाई. उन्हं उतरलेली, लिंबाची सावली लांबलेली, आन् त्या सावलीत माझी जीप उभी. रिकामी. आत कुणी न्हाई. बाजार करायचा व्हता, दवाखान्यात जायचं व्हतं, कचेरीत जायचं व्हतं, एक एक करून माणसं गेलती. सगुणाबाई बी गेलती, जागेवर गाठोडं ठिवून. जीप कशी दिसत व्हती म्हणून सांगू? गाभण गाय मोकळी झाल्यावर उभी राहती ना, हलकी, जरा लाजलेली... तशी. येणारे जाणारे थांबून बघत व्हते. एकानं तर इचारलं, "बिघडली का?"

कडूबानं सुतळी ताणली. दुसरी गाठ मारली. दोन गाठींत माझी वीत ठिवली. बराबर वीतभर!

चार बोटं मागितली, वीत मिळाली! एका पाट्यात! कडूबानं स्वतःच डोळे चोळले. पुन्हा मापलं. पुन्हा वीत. त्यानं उरलेल्या पाट्यांना हात जोडले, म्हणला, "तीस वर्षं हे काम करून राह्यलो, आज पाटा प्रसन्न झाला." ती सुतळी मी जानव्यासारखी गळ्यात घातली आन् निघालो.

तो रस्ता... तो रस्ता मी इसरणार न्हाई. जालना ते अंबड, संध्याकाळची सोनेरी उन्हं, आन् मी वीतभर वर. वीतभर म्हणजे फार न्हाई असं तुम्हाला वाटतं. वीतभर वरून दुनिया निराळी दिसती. कापसावरून नजर जाती ती थेट जाती, कुठं अडत न्हाई. बगळे उडत व्हते ते माझ्या बराबरीनं, एकानं तर मान वळवून पाह्यलं, हा कोण नवीन. परतूरच्या स्टेशनात आगगाडी शिरताना मला दिसली. शपथेवर सांगतो, दिसली. खिडकीत एक बाई केळं सोलून राह्यली व्हती. आन् मी आपला मनात पुष्पाबाईला शेजारी बसवून तिला दाखवून राह्यलो, ते बघ परतूर, ते बघ तुझं माहेर, ती बघ गोदागंगा, कशी पडलीय ओल्या धोतरासारखी...

अंबडच्या पुढं ध्यानात आलं, परतूर दिसायचं बंद झालं. मंग कापूस आडवा यायला लागला. मंग ज्वारी. मला वाटलं अंधारून येऊन राह्यलंय. वळून पाह्यलं तर सगुणाबाई आपल्या जागेवर, कोंबडी विकलेली, टोपलीत आता तेलाचा डबा, आन् तिच्या आजूबाजूला पुन्हा डझनभर माणसं. मी म्हणलं, "अहो, ही खाजगी गाडी हाये." तर मागून आवाज आला, "आम्ही बी खाजगी कामालाच चाललोय."

पांदणीच्या तोंडाशी थांबलो. बांध समोर. आता? ह्यांना उतरा म्हणलं तर उतरणार न्हाईत. मी डोकं लावलं. हळू आवाजात, पुढं बघतच म्हणलं, "पुढं चेकिंग हाये."

बास. तुम्हाला वडापच्या, शिटा भरून धावणाऱ्या जीपचा रिवाज ठाऊक असंल. नाका आला की माणसं उतरत्यात, रानातून चालत पुढं जात्यात आन् नाका संपला की पुन्हा बसत्यात. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी मोकळी. पांदणीत, कापसात, चिखलात कोण कशाला चेकिंग लावील, हे एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई. डझनभर माणसं वाकून वाकून कापसातून निघाली. सगुणाबाई सगळ्यांत पुढं.

मी बुटकी दांडी वढली. पुढची चाकं चढली, उतरली. पोटाखाली माती सर्रकन घासली, नुसती घासली, गुदगुल्या केल्यासारखी. मागची चाकं चढली... उतरली. जीप पल्याड! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तशीच नेली, सरळ सासऱ्याच्या दारापुढं, आन् भोंगा वाजवला.

पुष्पाबाई बाहेर आली. जीपला एक फेरी मारली. मंग खाली वाकून चिखलात बघायला लागली. मी म्हणलं, "काय हरवलं?" म्हणली, "बैलाची खुरं बघून राह्यले." खुरं नव्हती. दोन चाकांच्या दोन ओळी, गोठ्यापासून बांधापर्यंत. तिनं त्या ओळींकडं बराच वेळ पाह्यलं. मंग पदर तोंडाला लावून म्हणली, "थांबा, लुगडं बदलून येते."

जिंकलो! इथंच गोष्ट संपली असती. पण लेक माहेरावरून रिकाम्या हातानं जाती का? सासूबाईंनी ज्वारीचं पोतं आणलं. मंग तुरीच्या डाळीचं. मंग महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी भोपळे, दोडके, कारले, एक आख्खं केळीचं पान न्हाई, केळीचा खुंटच. लोणच्याची बरणी. नवी गादी. म्हणल्या, जावयाची गाडी आता मोठी झालीय. खरंच, जेवढी वर आली तेवढी त्यांना जास्ती जागा दिसून राह्यली व्हती. मधल्या बाकावर पुष्पाबाई बसली, इरकल नेसून, तिच्याशेजारी सोबत म्हणून तातेराव. आन् सगुणाबाई? ती तर ह्याच गावची, तिला कुठं जायचंच नव्हतं. पण म्हणली, "माझी जागा मोकळीच जाती, तर बांधापर्यंत येते."

बांधापर्यंतच आलो आम्ही. पुढची चाकं पल्याड, मागची अल्याड, पोट बांधावर.

तातेराव उतरला. माझ्या गळ्यातली सुतळी काढली, चाकाच्या टोपीवर धरली, वर ताणली आन् बघतच राह्यला. म्हणला, "दाजी, ही दुसरी गाठ तर सोडाच. गाडी पहिल्या गाठीला बी पुरून न्हाई राह्यली."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिली गाठ मारली तवा गाडी भरलेली. दुसरी मारली तवा रिकामी. वीतभर गाडी उचलली ती पाट्यानं न्हाई, ती माणसं उतरल्यानं. कडूबाच्या पाट्यानं दिलं असंल एखादं बोट, तेवढं खरं. बाकी सगळी जालन्याच्या बाजारात गेलेल्या माणसांची पुण्याई. म्हणून म्हणतो, माप घ्यायचं तर गाडी रिकामी पाह्यजे. पाह्यजे म्हणजे पाह्यजे.

मी म्हणलं, "सामान उतरवा."

सासूबाई मागून चालत आल्याच व्हत्या. म्हणल्या, "लेकीला दिलेलं खाली ठिवत न्हाईत. महालक्ष्म्यांचं हाये." झालं.

मी पुष्पाबाईकडं पाह्यलं. ती पदर सावरून म्हणली, "माझ्याकडं बघू नका. बैलाशिवाय दारात आली तर बसंन म्हणले व्हते, बसले. उतरंन कवा म्हणले?"

मी सगुणाबाईकडं पाह्यलं. तिनं डोळे मिटून घेतले.

आन् मंग सगळ्यांनी माझ्याकडं पाह्यलं. सासूबाईंनी तर पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं, हळूहळू, धान्याचं पोतं बघावं तसं. मला जरा शरीर आहे, ते तुम्हाला दिसूनच राह्यलंय. मी उतरलो. सुतळी माझ्याच हातात व्हती, सवयीनं टोपीवर धरली, वर ताणली... तुम्हाला सांगतो, गाडी माझ्या डोळ्यांदेखत दोन बोटं वर आली. दोन! पाट्यानं जेवढी उचलली न्हाई तेवढी मी उतरल्यानं उचलली. तातेराव, अंगानं पापडासारखा, टुणकन स्टेअरिंगवर बसला, बुटकी दांडी वढली आन् जीप बांधावरून अशी गेली, लोणी लावलेल्या तव्यावरून धिरडं जातं तशी.

मी मागं पळालो. "आरं थांब की."

तर पुष्पाबाईचा आवाज आला, तिच्या आवाजात इतकी खुशी मी लग्नात बी ऐकली नव्हती. "ताते, थांबवू नको. थांबली की चिखलात बसंल. अहो, इथून गंगा दिसून राह्यली बघा, सगळी, पार पल्याडपर्यंत..."

मला काय दिसणार? मी खाली. मला कापूस दिसला. जीपचा लाल दिवा कापसावरून तरंगत तरंगत गेला, लहान झाला, आन् मंग नुसतं आभाळ.

महालक्ष्म्या झाल्या, झकास झाल्या. पुष्पाबाई आता दर सणाला माहेरी जीपनंच जाती, तातेराव चालवतो, बैलाचं कुणी नाव घेत न्हाई. आन् मी कडूबाला निरोप धाडला, बाबा, तुझा पाटा काढून घे. गाडी ज्याच्यामुळं अडत व्हती, ते आता पायी चालून राह्यलंय.